नऊ पावलांवरची उघाडी

बांधावर मी जिथे उभा राहतो तिथून उघाडीचं, म्हणजे बांधातल्या झडपेच्या मोरीचं, तोंड मोजून नऊ पावलांवर आहे. म्हणजे साधारण 22 फूट. एवढ्या अंतरावरून पोरं लगोरी फोडतात. गेल्या वर्षी जुलैत एका सकाळी, अंगावर पाऊस झेलत, मी तिथे सहा लुअर, म्हणजे गळ लावलेले नकली मासे, फेकले. चार समोरच्या तिवरात अडकले. एक उघाडीच्या सिमेंटच्या भिंतीवर आपटून फुटला. सहावा पाण्यात पडला खरा, पण तोंडापासून दोन वाव अलीकडे आणि असा धबाक् आवाज करून की वरच्या फांदीवरचा खंड्या उडून गेला.

शेजारी नाना बसले होते. त्यांच्याकडे ना रॉड, ना रील. बोटाला गुंडाळलेली हातदोरी, शिशाचा एक तुकडा आणि गळाला जिवंत कोळंबी. बसल्या जागेवरून मनगट हलवून ते ती कोळंबी झडपेच्या अगदी खाली अलगद ठेवत होते. तासाभरात त्यांच्या पिशवीत दोन शिंगाळ्या आणि हातभर लांबीचा एक जिताडा होता. माझा चौथा लुअर तिवरात गेला तेव्हा मान न वळवता त्यांनी विचारलं, "काय रं, झाराला मासं लागतान कं?"

त्या सकाळपासून पुढचे दहा-अकरा महिने मी जे केलं ते लिहितोय. कारण लांब कसं फेकावं हे सांगणारे पन्नास जण भेटतात, जवळ कसं फेकावं हे सांगणारा मला एकही भेटला नव्हता.

आमचा भाग कुंडलिकेच्या खाडीचा. रेवदंडा आणि साळाव यांच्या मधला पूल ओलांडताना खाली दिसतं ते हेच पाणी. कोर्लईचा किल्ला एका अंगाला ठेवून ते समुद्राला मिळतं. पुलाच्या वरच्या बाजूला रोह्याकडे जाताना दोन्ही काठांना तिवर आणि त्यामागे खारबंदिस्तीचे बांध आहेत. बांधाच्या आत भातशेती, बाहेर खाडी. पावसाचं शेतातलं पाणी बाहेर जावं आणि खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांधात जागोजाग उघाड्या ठेवलेल्या असतात. झडप अशी टांगलेली असते की भरतीच्या दाबानं ती आपोआप मिटते आणि ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याच्या लोटानं उघडते. पावसाळ्यात ही झडप उघडली की शेतातलं गढूळ गोडं पाणी, त्याबरोबर बारीक कोळंबी, किडे, चिंगूळ-बिंगूळ सगळं खाडीत येतं. आणि त्या तोंडाशी, प्रवाहाच्या कडेला सावलीत, जिताडा तोंड वासून उभा असतो. तो पाठलाग करून खाणारा मासा नाही. समोरून काही गेलं की जबडा उघडून आत ओढून घेतो आणि त्या वेळी भक्क असा आवाज येतो. हा आवाज एकदा ऐकला की माणूस नोकरीच्या कामाचा राहत नाही.

रायगडात जिताड्याचं प्रस्थ काय आहे हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. इथे घराशेजारच्या तळ्यात लोक जिताडे पाळतात, आणि साहेबाच्या घरी जिताडा पोचवला की अडलेलं काम होतं अशी जुनी थट्टा आहे. माझं एक काम अजून अडलेलंच आहे, पण ते असो.

आता माझी मूळ अडचण. मी गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, शिकलो तो रेवदंड्याच्या किनाऱ्यावर. नऊ फुटी रॉड, 28 ग्रॅमचा धातूचा लुअर, दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे घ्यायचा आणि सगळं अंग लावून लाटांच्या पलीकडे भिरकवायचा. दोन वर्षं मी एवढंच केलं. मित्रांमध्ये अंतरावरून पैजा लागायच्या आणि मी त्या जिंकायचो. त्यामुळे माझ्या हाताला एकच भाषा येत होती, जोराची. उघाडीवर मी पाच ग्रॅमचा रबरी मासा घेऊन गेलो तेव्हा रॉड बदलला होता, लुअर बदलला होता, हात मात्र तोच किनाऱ्यावरचा होता.

घरी येऊन व्हिडिओ बघायला बसलो. जवळचं आणि हलकं फेकण्याबद्दल जे काही सापडलं ते जवळजवळ सगळं अमेरिकेतल्या बास माशाच्या गरवण्याचं. तिथली तळी, होड्यांचे धक्के, पाण्यात पडलेली झाडं. शब्द तिथलेच : पिचिंग, फ्लिपिंग, स्किपिंग. यातलं फ्लिपिंग 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डी थॉमस यांनी गाजवलं. लांब काठी, मोजकी दोरी, आणि झुडपाच्या मुळाशी लुअर हळूच सोडायचा. म्हणजे नाना बोटाला दोरी गुंडाळून करतात तेच, फक्त काठी लावून. हे कळल्यावर मला जरा बरंही वाटलं आणि जरा रागही आला.

तो बास, लार्जमाउथ बास, आपल्या पाण्यात नाही आणि असूही नये. जपानात तो 1925 साली आशी सरोवरात आणून सोडला होता. पुढे तो इतका पसरला आणि तिथल्या माशांना इतका भारी पडला की 2005 पासून त्याला पाळायला आणि सोडायला कायद्याने बंदी आहे. आपल्या जिताड्याला इंग्रजीत आशियाई सी बास म्हणतात, पण दोघं नात्यातले नाहीत, कुळं निराळी आहेत. खोड मात्र सारखी आहे : आडोशाला दबा धरायचा आणि समोरून जाणाऱ्यावर झडप घालायची. म्हणून तिथली फेकण्याची पद्धत इथे चालते. तिथले धक्के म्हणजे आपली उघाडी आणि तिथली पाण्यात पडलेली झाडं म्हणजे आपलं तिवर, एवढं मनात बदलून घेतलं की झालं.

पहिली चूक सामानाचीच निघाली. मी वापरत होतो तो रॉड सात फुटी होता आणि त्याच्या मुठीवर 10 ते 30 ग्रॅम असं लिहिलं होतं. आकडे मी वाचले होते, पण ते कमाल वजनाबद्दल असतात अशी माझी समजूत होती. खालचा आकडा जास्त महत्त्वाचा. रॉड म्हणजे स्प्रिंग. लुअरच्या वजनानं ती वाकली पाहिजे, मग ती सरळ होताना लुअरला ढकलते. पाच ग्रॅमनं माझा रॉड वाकतच नव्हता. काठी वाकत नाही म्हणून मी हाताचा जोर लावायचो आणि हाताच्या जोराला दिशा नसते. किनाऱ्यावर हे लपून जातं, कारण समोर सगळा अरबी समुद्र आहे. दोन वाव डावीकडे पडला काय नि उजवीकडे पडला काय!

सप्टेंबरात सहा फुटी रॉड घेतला, 3 ते 10 ग्रॅमचा, टोकाला नरम आणि मुठीकडे बऱ्यापैकी ताठ. पहिला मागवलेला आला तो वेगळाच, दुकानदारानं बदलून द्यायला महिना लावला, ते पुराण इथे नको. रील 2000 आकाराचं. दोरीचा प्रश्न मात्र खरा अवघड होता. हलका लुअर नीट जायचा तर दोरी बारीक हवी. जिताडा तिवरात घुसायच्या आत ओढून काढायचा तर दोरी जाड हवी. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. मी 15 पौंडी विणलेली दोरी भरली आणि पुढे 30 पौंडी फ्लोरोकार्बनचा आखूड तुकडा जोडला, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते आणि तोंड कानशीसारखं. हा तुकडा मी आधी चांगला दीड मीटर लावत होतो. मग जोडाची गाठ टोकाच्या कडीच्या आत जायची आणि फेकताना तिथे खट्कन अडखळायची. लांब फेकीत हा धक्का जाणवत नाही. पाच ग्रॅमच्या आखूड फेकीत तेवढ्यानंच लुअर चार फूट अलीकडे पडतो. गाठ कडीच्या बाहेर राहील इतकाच तुकडा ठेवला, आणि माझ्या निम्म्या आखूड फेकी तिथल्या तिथे सुधारल्या. पैसे खर्च करून जेवढं झालं नाही तेवढं या कात्रीनं केलं.

स्पूलमध्ये, म्हणजे रीलच्या दोरी गुंडाळायच्या फिरकीत, दोरी किती भरायची याचंही तेच. काठोकाठ भरली की हलक्या लुअरमागे वेटोळी सैल पडतात आणि एका फेकीत तीन-चार एकदम निघून चिमणीचं घरटं होतं. काठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली ठेवायची. मी आधी हे मानलं नाही आणि एका रविवारी पन्नास मीटर नवी दोरी कापून फेकली. फेकली म्हणजे घरी आणून कचऱ्यात टाकली, खाडीत नाही.

आता अंगण. आमच्या अंगणात विहीर आहे, तिच्या पलीकडे चिंच, आणि चिंचेखाली मी सिमेंट कालवायचं घमेलं ठेवलं. नऊ पावलं मोजून विटेनं रेघ ओढली. लुअरचे गळ काढून टाकले, नुसता साडेतीन ग्रॅमचा शिशाचा डोका आणि त्याला रबरी शेपूट. रोज संध्याकाळी अलिबागहून आलो की चहा आणि वीस फेकी. वीसच. जास्त केल्या की मी कंटाळून जोर लावायला लागतो हे लवकर लक्षात आलं. पहिल्या आठवड्यात वीसपैकी दोन, कधी तीन घमेल्यात. बाकीचे विहिरीवर, चिंचेत, एकदा वाळत घातलेल्या साडीत. बायकोनं तेव्हा पहिल्यांदा या सगळ्यात रस घेतला.

महिनाभर आकडा पाचाच्या वर गेला नाही. मी सगळं वाचलेलं करत होतो. मनगट, कोपर अंगाला चिकटलेलं, नजर घमेल्यावर. तरी निम्मे लुअर उंच उडून पलीकडे जायचे आणि निम्मे पायापुढे आपटायचे. याचं कारण दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाचीला सापडलं. ती दहा वर्षांची. तिला मासे पकडण्यात काही गंमत वाटत नाही, फोनवर हळू हालचालीचा व्हिडिओ काढण्यात मात्र भारी गंमत वाटते. तिनं माझी फेक काढली आणि मला दाखवत म्हणाली, "मामा, तुझी काठी थांबतच नाहीये."

खरंच थांबत नव्हती. मी फेकल्यावर रॉड घमेल्याच्या दिशेनं पुढे पुढे नेत होतो, क्रिकेटमध्ये फटक्यानंतर बॅट नेतात तसा. किनाऱ्यावर तीच सवय बरी. पण स्प्रिंगचं काम थांबल्यावर होतं. मूठ एकदम थांबली की टोक आपणहून पुढे झेपावतं आणि लुअरला सोडून देतं. मूठ चालूच राहिली तर टोक मुठीमागे फरफटत येतं, आणि बोट दोरी कधी सोडतं याचा काही नेम राहत नाही. व्हिडिओत दिसत होतं की माझं बोट दर वेळी निराळ्या जागी सुटतंय. लवकर सुटलं की आभाळात, उशिरा सुटलं की जमिनीवर.

मग तिनं एक खेळ काढला. माझ्या मुठीपुढे, दीड वीत अंतरावर, ती झाडू आडवा धरायची. मूठ झाडूला लागली की फेक बाद. चार दिवसांत हात आखूड झाला. फेक म्हणजे आता मागे नेणं नव्हतंच. टोक लुअरच्या वजनानं खाली-मागे जरासं वाकवायचं आणि ते वाकलेलं असतानाच पुढे एक टिचकी. सगळी हालचाल मनगटात, दारावर टकटक करावी तेवढी. भाऊबीजेच्या दिवशी वीसपैकी नऊ.

टोकापासून लुअर किती खाली लोंबता ठेवायचा हेही याच दिवसांत कळलं. फार आखूड ठेवला की त्याचा झोका बसत नाही आणि रॉड वाकत नाही. फार लांब ठेवला की तो आपल्याच वेळेनं झुलतो, आपलं ऐकत नाही. साध्या बाजूच्या फेकीला माझ्या रॉडला एक वीत बरोबर बसते. पिचिंगला मात्र चांगली लांब, लुअर रीलच्या पातळीला येईल इतकी, कारण तिथे तो डाव्या हातात धरून लंबकासारखा सोडायचा असतो. उजव्या हातानं टोक खालून वर उचलायचं, त्याच वेळी डावा हात मोकळा. लुअर पाण्यापासून फूटभर उंचीवरून सरळ जातो, वर चढत नाही. फांद्यांखाली जायला हीच फेक.

पण मनगट सुधारलं तरी नऊ-दहाच्या पुढे आकडा हलेना. दिशा जमत होती, लांबी जमत नव्हती. आणि इथे मला या सगळ्यातली मुख्य गोष्ट सापडली. ती फेकण्याची नाहीच, थांबवण्याची आहे. स्पिनिंग रीलमधून दोरी वेटोळ्यांनी निघते. फेकताना उजव्या हाताची तर्जनी स्पूलच्या काठापाशी ठेवायची आणि निघणाऱ्या वेटोळ्यांना ती हलकेच लागू द्यायची. जितकी लागेल तितका लुअर मंदावतो. घमेल्यापाशी पोचताना बोट काठावर टेकवलं की दोरी थांबते आणि लुअर हवेतच मान खाली घालून सरळ खाली पडतो. म्हणजे मी घमेल्याच्या जरा पुढे फेकायचं आणि वाटेत त्याला अडवायचं. इतके दिवस मी बरोबर नऊ पावलांचा जोर मोजून लावायला बघत होतो. तसला जोर मोजता येत नाही. वारा, भिजलेली दोरी, कंटाळलेला हात, सगळे तो बदलतात. बोटानं अडवणं मात्र डोळ्यांनी बघत बघत करता येतं.

सांगायला दोन वाक्यं, शिकायला तीन महिने. पहिल्यांदा बोट पोचेचना. माझी बोटं आखूड, आणि मी रीलचा पाय मधल्या बोटांत धरायचो. पकड एक बोट पुढे सरकवली, पाय करंगळीआधीच्या आणि मधल्या बोटाच्या फटीत, तेव्हा तर्जनी काठावर पडायला लागली. मग बोट दर वेळी फार जोरात टेकायचं आणि लुअर झटका खाऊन उलटा माझ्याकडे यायचा. एकदा कपाळावर आला. शेवटी मी फेकणं सोडून नुसतं बोट शिकवलं : टीव्ही बघताना रॉड मांडीवर, बेल (रीलवरची दोरी अडवणारी तारेची कडी) उघडी, डाव्या हातानं दोरी ओढत राहायची आणि उजव्या तर्जनीनं तिला कमी-जास्त अडवायचं. बायको म्हणाली, वीणा घेऊन बसल्यासारखा दिसतोयस.

थांबवता यायला लागलं आणि एक नवाच फायदा दिसला. बोटानं दोरी ताणलेली राहिली की लुअर पाण्यात पडतो तेव्हा दोरीत झोळ नसतो. बेल हातानं मिटायची (हँडल फिरवून नाही, त्यानं पहिलं वेटोळं सैल बसतं आणि पुढच्या फेकीत घरटं होतं) आणि लगेच दोरी ताठ. उघाडीच्या तोंडाशी याला फार किंमत आहे. जिताडा बहुतेक वेळा लुअर पडता पडताच घेतो. दोरीत हातभर झोळ असेल तर आपल्याला कळेपर्यंत त्यानं तो थुंकलेलासुद्धा असतो. आवाजाचंही तसंच. आपटलेला लुअर दगडासारखा वाजतो, अडवून टेकवलेला एखादी कोळंबी उडी मारून पडल्यासारखा. पहिल्या दिवशी नानांच्या कोळंबीचा आवाज मला ऐकूच आला नव्हता, याचा अर्थ आता लागला.

फेब्रुवारीत आकडा चौदावर गेला, आणि मी शहाणपणाच्या भरात धनुष्याच्या फेकीकडे वळलो. लुअर डाव्या चिमटीत धरायचा, रॉडचं टोक धनुष्यासारखं वाकेल इतका मागे ताणायचा, आणि सोडायचा. चार-पाच मीटर जातो, पण अगदी बाणासारखा. फांद्यांच्या फटीतून जाण्यासाठी दुसरा उपाय नाही. एका गळाचा रबरी मासा असेल तर गळाच्या वाकाला मागून धरायचं, टोक बाहेरच्या बाजूला. मी तीन-तीन काट्यांचे दोन गळगुच्छ असलेला छोटा प्लास्टिकचा मासा घेतला आणि त्याला पोटाशी धरलं. सोडला तेव्हा तो गेला, पण माझा अंगठा घेऊन. गळाचा उलटा दात आत. डॉक्टरांनी तो पुढे ढकलून, कापून काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि "कोणता मासा लागला?" असं विचारलं. तेव्हापासून माझ्या सगळ्या गळांचे उलटे दात पकडीनं चेपलेले असतात. मासे थोडे जास्त सुटतात. सुटू देत.

स्किपिंगबद्दल थोडक्यात. लहानपणी तळ्यावर चपटा दगड मारून भाकऱ्या काढायचो तेच हे. रबरी मासा जरा चपटा हवा, रॉडचं टोक पाण्यापासून वीतभर, फेक आडवी आणि एरवीपेक्षा जोरदार. फांदीच्या चार हात अलीकडे पाण्यावर टेकवला की तो टप्पे खात आत जातो. हे अंगणात शिकता येत नाही. मी उन्हाळ्यात गावतळ्यावर शिकलो, आणि तिथल्या म्हशींनी ते शांतपणे सहन केलं. अजून दहातल्या चार जमतात. यात वर्षानुवर्षं घालवणारे लोक आहेत, मी त्यातला नाही.

जून उजाडला. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर शेतं भरली आणि उघाड्या वाहायला लागल्या. दिवस ठरवायला आमच्याकडे जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार. खाडीत आत आलं की अर्धा-पाऊण तास उशीर. म्हणजे पंचमीला पहाटे साडेचारच्या सुमारास पाणी भरतं आणि उजाडताना ओहोटी जोरात असते, झडप उघडते आणि उजेडही कोवळा असतो. पौर्णिमेला उधाण मोठं, पण उजाडताना पाणी पार सुकलेलं असतं आणि बांधाखाली नुसता चिखल. तेव्हा निवट्या बघत बसायचं.

पंचमीच्या सकाळी साडेसहाला बांधावर पोचलो. नाना आधीच होते. त्यांनी माझ्या आखूड काठीकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. नैर्ऋत्येचा वारा उजव्या गालावर येत होता. अंगणात असा वारा नसतो. पहिली फेक वाऱ्यानं डावीकडे नेली, भिंतीला लागली, पण बोट टेकलेलं असल्यानं फुटली नाही, घसरून पाण्यात गेली. दुसरी तोंडाच्या बरोबर कडेला. काही नाही. तिसरी, चौथी, तशाच. माझ्या मनात एकदम आलं की आपण घमेल्यात फेकायला शिकलो, घमेल्यात मासा नसतो.

सातव्या की आठव्या फेकीला मी पिचिंग केलं. लुअर झडपेखालून येणाऱ्या लोटाच्या डाव्या कडेला, जिथे फेसाचं पाणी संपून काळं पाणी सुरू होतं तिथे टेकला. टेकला म्हणजे खरंच टेकला. भक्क. बेल मिटायलाही वेळ मिळाला नाही, तर्जनी काठावर होती तीच दाबून धरली आणि बोट कापत दोरी गेली. मग बेल मिटली, रॉड तिवराच्या विरुद्ध बाजूला आडवा घेतला आणि मागे चालत गेलो. दोनदा उडी मारली त्यानं, डोकं हलवत. नानांनी न सांगता बांधाखाली उतरून झेल्यात घेतला.

दीड किलोच्या आसपास. बहुधा नर, कारण जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाले की माद्या होतात, म्हणून चार-पाच किलोच्या वरचा लागला तर मी सोडतो असं ठरवलंय. तेवढा अजून लागलेला नाही, त्यामुळे या उदारपणाला सध्या काही खर्च नाही. तो जिताडा मी नानांना दिला. त्यांनी घेतला, आणि "काठी चांगली हाय" एवढंच म्हणाले. काठी!

त्या पावसाळ्यात उघाडीवर आणखी पाच लागले, एक तांबोशी धरून. तांबोशी जिताड्यापेक्षा दुप्पट हट्टी. तिनं माझी 15 पौंडी दोरी तिवराच्या मुळाला घासून दोनदा तोडली. लुअर किती गेले हे सांगायचं तर पूर्ण मोसमात सात, आणि आधीच्या वर्षी एका सकाळी पाच होते. फांदीत अडकलेला सोडवायला फांदी तोडायची नाही, हे आमच्यातल्या पोरांना मी सांगतो. तिवर तोडणं गुन्हा आहे म्हणून नाही, तो आहेच, पण ती फांदी गेली की तिच्या सावलीतला मासाही जातो. माझे आधीच्या वर्षीचे चार लुअर नानांच्या नातवानं बांबूच्या आकडीनं काढले आणि मला वीस रुपयाला एक असे परत विकले.

अडचण उरली आहे ती वरच्या उघाडीची. तिथे तिवर उजव्या हाताला आहे आणि बांध अरुंद, त्यामुळे फेक डाव्या बाजूनं, उलट्या हातानं करावी लागते. मनगट तिथे उलटं थांबत नाही आणि तर्जनी सुटायची वेळ पुन्हा चुकते. घमेलं आता विहिरीच्या दुसऱ्या अंगाला नेलंय. काल वीसपैकी तीन.